तांबडी माती आणि ‘तीन महिन्यांची’

गेल्या श्रावणांत आम्ही एक पैज हरलों. पैज पैशांची नव्हती. हरणारानें दुसऱ्या दिवशीं सकाळीं अनशापोटीं जाऊन तपासणीसाठीं रक्त द्यावयाचें, एवढीच अट होती. वाचक म्हणतील, यांत सांगण्यासारखें तें काय? परंतु त्या पैजेचा आरंभ एका जुन्या बोलपटापासून झाला आणि ती एका माणसाच्या पायापर्यंत जाऊन पोंचली, म्हणून या महिन्यांत तीच हकीकत सांगण्याचें योजिलें आहे.

भोरास नीरेच्या कांठीं एका कठड्यावर आमची चौघांची बैठक रोज सायंकाळीं भरते. एक पोस्टांतून निवृत्त झालेले पोस्टमास्तर, दुसरे सरकारी दवाखान्यांत तीस वर्षें औषधांच्या पुड्या बांधलेले कंपाउंडर, तिसरे पैलवान, आणि चौथे आम्ही. पैलवान मूळचे वेल्ह्याकडील, तोरण्याच्या पायथ्याचे. त्या तालुक्यास आतां राजगड तालुका म्हणतात. पैलवानांच्या तोंडीं मात्र वेल्हेंच आहे, आणि खरें सांगावयाचें तर आमच्याही. मुलानें भोरांत घर बांधल्यापासून ते इकडे राहावयास आले, आणि आल्याच्या दुसऱ्या दिवशीं कठड्यावरील सर्वांत रुंद जागा त्यांनीं आपलीशी केली.

साठीपर्यंत या बैठकीचे विषय तीनच होते : कुस्ती, क्रिकेट आणि सिनेमा. साठी उलटल्यावर ‘प्रकृति’ हा चौथा विषय न बोलावतां येऊन बसला. पूर्वीं एकादा पैलवान निघाला कीं त्याच्या मांडीचा घेर किती, यावर वाद होत असे. आतां त्याचा रक्तदाब किती, असें विचारतात.

पोस्टमास्तरांचें दैवत म्हणजे प्रोफेसर दि. ब. देवधर. पुण्यास स. प. महाविद्यालयांत संस्कृत शिकविणाऱ्या या गृहस्थानें १९२६ मध्यें गिलिगनच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध १४८ धावा काढल्या, महाराष्ट्रास १९३९-४० आणि १९४०-४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें रणजी करंडक मिळवून दिला, त्याच दुसऱ्या हंगामांत अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं मुंबईविरुद्ध २४६ धावा केल्या, आणि पन्नाशी उलटल्यावर एकाच सामन्यांत दोन्ही डावांत शतकें झळकाविलीं. हें सर्व पोस्टमास्तर रामरक्षा म्हणावी तसें एका दमांत म्हणतात. शेवटीं ‘आणि एकशें एक वर्षें पुरीं करून १९९३ मध्यें वारले’ हें वाक्य येतें. तें म्हणतांना ते आमच्या पोटाकडे पाहतात. संस्कृताच्या नात्यानें देवधर आम्हांलाही जवळचे वाटतात. तथापि शब्दरूपावलीशीं आमचें सख्य त्यांच्याइतकें असूनही व्यायामाशीं तें कां जमलें नाहीं, याचें उत्तर आम्हांस अद्याप सांपडलेलें नाहीं.

पैलवानांना क्रिकेट मान्य नाहीं. १९४८ च्या डिसेंबरांत पुण्यास भाऊसाहेब निंबाळकर काठेवाडच्या संघाविरुद्ध ४४३ धावांवर नाबाद होते, ब्रॅडमनचा ४५२ धावांचा विक्रम नऊ धावांवर आला होता, आणि नेमकें त्याच वेळीं काठेवाडच्या संघानें पुढें खेळण्याचें नाकारून सामना सोडून दिला, ही गोष्ट पोस्टमास्तर सांगूं लागले कीं पैलवान मांडीवर थाप मारून म्हणतात, “ह्यो कसला ख्येळ म्हनायचा? आखाड्यात पाठ टेकायच्या आदी घरला जायाची सोय न्हाई बगा.” मग खाशाबा जाधवांचा विषय निघतो. १९५२ मध्यें हेलसिंकीस त्यांनीं जें कांस्यपदक मिळविलें, तें स्वतंत्र भारताचें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठीं कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डेकरांनीं स्वतःचें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, हें ऐकतांना आम्ही दर वेळीं गप्प होतों. आम्हीही उभा जन्म मास्तरकी केली. विद्यार्थ्यासाठीं घर गहाण टाकण्याचा प्रसंग आमच्यावर आला नाहीं, आणि आला असता तर आम्हीं काय केलें असतें हें आमचें आम्हांस ठाऊक आहे.

कंपाउंडरांचा प्रांत चित्रपटांचा. दवाखान्यांत रोग्यांचीं नांवें ते विसरत, पण कोणता बोलपट कोणत्या सालीं लागला यांत त्यांची चूक कोणीं काढलेली नाहीं. भोर तालुक्याचा या कलेशीं काय संबंध, असें कोणीं विचारलें तर ते दोन बोटें वर करितात. पहिलें बोट बाजीप्रभूंचें. बाजीप्रभु आमच्या तालुक्यांतील शिंद गांवचे. त्यांच्यावर भालजी पेंढारकरांनीं १९५६ मध्यें ‘पावनखिंड’ काढला, आणि त्याच नांवाचा नवा चित्रपट २०२२ मध्यें आला. नवा कीं जुना श्रेष्ठ, हा वाद आमच्याकडे दोन पावसाळे पुरला. पैलवानांची कसोटी निराळीच. ते नटाचा चेहरा पाहात नाहींत, तलवार धरलेलें मनगट पाहतात, आणि “ह्येनं कंदी पान्याची घागर तरी उचलली आसंल का?” असा निकाल देतात.

दुसरें बोट दादा कोंडक्यांचें. त्यांचा जन्म मुंबईस नायगांवचा, पण घराणें आमच्या तालुक्यांतील इंगवलीचें. भालजींच्या ‘तांबडी माती’ या १९६९ च्या चित्रपटांत ते प्रथम पडद्यावर आले आणि १९७१ च्या ‘सोंगाड्या’नें घरोघर पोंचले. घरोघर म्हणतांना आमचें घर वगळावें लागेल. आमच्या वाड्यांत तें नांव काढावयाचें नाहीं असा वडिलांचा दंडक होता. तरीही पुढें कॉलनीच्या मैदानावरील तंबूंत, मागच्या दाराच्या बाजूस उभे राहून, आम्हीं ‘सोंगाड्या’ पाहिलाच. आणि शेजारीं आमचे धाकटे काका उभे आहेत हें अर्ध्या खेळांत लक्षांत आलें. त्यांनीं आम्हांस ओळख दिली नाहीं, आम्हींही दिली नाहीं. ज्या विनोदावर वाड्यांत बंदी होती त्यावर चुलता आणि पुतण्या अंधारांत एकाच वेळीं हांसत होते.

पैलवानांना ‘तांबडी माती’ हें नांवच फार आवडतें. तांबडी माती म्हणजे तालमीच्या हौदांतील माती. ती खोऱ्यानें उकरून, चाळून, तींत ताक, तेल, हळद, लिंबू आणि कापूर घालून मऊ करावयाची, आणि रोज सकाळीं अंगाखालीं घ्यावयाची. पैलवान लहानपणीं जत्रेंत रेवड्यांवरच्या कुस्तीस उभे राहिले, पुढें नारळावर, पुढें फेट्यावर. ऐन उमेदींत रोज पांचशें बैठका आणि तीनशें जोर, आणि त्यावर दूध, तूप व बदामाची थंडाई. चाळिशीनंतर जोर-बैठका सुटल्या. थंडाई मात्र सुटली नाहीं. वेल्ह्याकडील आंबेमोहोराचा भात दोन्ही वेळां ताटाबाहेर सांडेपर्यंत. आमच्या चौघांत आजार नाहीं असा एकटा पैलवानच, असें आम्ही म्हणत असूं. कारण ते कधीं दवाखान्यांत गेलेलेच नव्हते.

गेल्या वैशाखापासून मात्र आम्हां तिघांच्याही ध्यानांत एक गोष्ट आली होती. तास-दीड तासाच्या बैठकींतून पैलवान तीन वेळां उठून आडोशाला जात. पाण्याची बाटली बरोबर आणीत आणि ती रिकामी करीत. कोल्हापुरी चपला टाकून त्यांनीं कापडी बूट घातले, आणि चालतांना उजवा पाय किंचित् जपून टाकूं लागले. पोस्टमास्तर म्हणाले, “पैलवान आतां बुटांत आले, उद्यां टाय लावतील.” आम्हीं त्यांत भर घातली कीं, पैलवान क्रिकेटला शरण गेले. सर्व हांसलों, पैलवानही हांसले. त्या हांसण्यानें तीन महिने गेले, हें आज लिहितांना बरें वाटत नाहीं.

सरळ बोललें असतें तर ते उठून गेले असते. पैलवानाच्या शरीराविषयीं शंका काढणें म्हणजे शास्त्र्याच्या उच्चारांविषयीं शंका काढण्यासारखें आहे. तेव्हां कंपाउंडरांनीं पैजेची युक्ति काढली. ‘सांगत्ये ऐका’ हा अनंत माने यांचा १९५९ चा तमाशापट पुण्यास विजयानंदमध्यें किती आठवडे चालला, हें पैलवान आणि आम्हीं सांगावयाचें. चुकेल त्यानें रक्त द्यावयाचें. पैलवान नेहमीं ‘दोन वर्सं’ म्हणत, म्हणून ते चुकणार हें ठरलेलें होतें. कटांत आम्हांस घेतलें, पण खरा आंकडा आम्हांस सांगण्याचें कंपाउंडर विसरले. आणि विचारून घ्यावें असें आम्हांस वाटलें नाहीं, कारण आम्हांस तो येतो अशी आमची पक्की समजूत होती.

आम्हीं वर्गांत पाढा म्हणावा तशा आवाजांत सांगितलें, “एकशें चार.”

पैलवान नदीकडे पाहात म्हणाले, “एकशें येकतीस.”

त्यांचे चुलते त्या वेळीं पुण्यांत हमालीवर होते, आणि आठवड्यांची ती मोजणी ते घरीं येऊन आरतीसारखी म्हणत. ‘दोन वर्सं’ हें बोलण्याच्या ओघांत म्हणावयाचें. पैज लागली तेव्हां बरोबर आंकडा बाहेर आला. नापास झालेल्या मुलाकडे बाप पाहतो तसे कंपाउंडर आमच्याकडे पाहूं लागले.

शब्द दिला होता, तेव्हां गेलों. दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं कागद आला. उपाशीपोटीं साखर १७१. निरोगी माणसाची ती शंभराच्या आंत असावी, आणि १२६ वा त्यापुढें भरल्यास मधुमेह समजतात. त्याच रक्तांतून आणखी एक आंकडा काढतात, त्यास एचबीएवनसी असें नांव आहे. आमच्या गांवीं त्याला नुसतें ‘तीन महिन्यांची’ म्हणतात, कारण रक्तांतील तांबड्या पेशींस चिकटलेल्या साखरेवरून मागल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी त्यांत दिसते. आदल्या रात्रीं उपास करून तिला फसवितां येत नाहीं. साडेसहा वा त्यापुढें मधुमेह. आमची भरली ८.२. ज्या गृहस्थानें आजपर्यंत याच पानावर आहारविहारावर निदान चार वेळां उपदेश केला, त्याचा हा निकाल. वाचकांपासून तो लपवून ठेवण्याचा विचार आमच्या मनांत येऊन गेला, हेंही सांगून टाकतों.

कठड्यावर कोणीं कांहीं बोललें नाहीं. बऱ्याच वेळानें पैलवान म्हणाले, “मास्तर, तुमाला वाटलं तरी का काय, अंगात साकर हाय म्हनून?”

“नाहीं.”

“मंग उंद्या म्याबी जातो.”

त्यांची भरली १०.६. कागद वाचून कंपाउंडरांनीं तो घडी करून खिशांत घातला, आणि तीस वर्षांच्या नोकरींतला आवाज काढून म्हणाले, “पैलवान, उजवा बूट काढा.”

करंगळीच्या बुडाशीं रुपयाएवढी जखम होती, कडा काळवंडलेल्या. चपलेचा खिळा वर आला होता, तो वैशाखांत कधीं तरी रुतला. दुखलें असतें तर त्यांनीं त्याच दिवशीं चप्पल फेंकली असती. पण दुखलेंच नाहीं. मधुमेह पुष्कळ दिवस मोकाट राहिला कीं मज्जातंतूंस इजा होते, आणि ती पायांच्या टोकांपासून सुरू होते; तेथील वेदना नाहींशी होते आणि रक्ताचा पुरवठाही पुष्कळदां कमी पडतो. मग खडा रुतो कीं निखारा लागो, माणसास कळत नाहीं, आणि झालेली जखम भरूनही येत नाहीं. पैलवानांनीं तिच्यावर हळद दाबून वर बूट चढविला, तो घरांत कळूं नये म्हणून. घरच्या बाई विचारतील, मुलगा पुण्यास नेईल, आणि पुण्यास गेलेला पाय परत येत नाहीं अशी त्यांची समजूत. त्यांच्या गांवीं तसें एकदां झालें होतें.

दुसऱ्याच दिवशीं मुलगा त्यांना पुण्यास घेऊन गेला. करंगळी काढावी लागली, पाऊल वांचलें. आणखी पंधरा दिवस गेले असते तर पाऊलही गेलें असतें, असें शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनीं मुलास सांगितलें. गौरी-गणपति पैलवानांनीं रुग्णालयांत काढले. आम्ही तिघे एस. टी.नें भेटावयास गेलों, तेव्हां पोस्टमास्तरांनीं वाटेंत योजून ठेवलेले सर्व विनोद तेथें पोंचल्यावर गिळले. पैलवानांनींच सुरुवात केली : “आता तुमचं किरकेट ख्येळतो. धावायला चार बोटं लई झाली.” पोस्टमास्तर खिडकीशीं जाऊन उभे राहिले, ते बराच वेळ तेथेंच होते.

इकडे आमच्या घरीं निराळेंच नाटक चाललें होतें. ‘ब्रह्मचारी’ हा मास्टर विनायकांचा १९३८ चा बोलपट, आचार्य अत्र्यांचें लेखन. त्यांत औदुंबर नांवाचा तरुण एक व्याख्यान ऐकून नट्यांचीं चित्रें फेंकून देतो आणि ब्रह्मचर्याची शपथ घेतो. मग किशोरी दिसते आणि शपथ डळमळूं लागते. आम्हींही साखरेचा डबा घराबाहेर काढण्याचा हुकूम सोडला. आमची किशोरी तिसऱ्या दिवशीं बेसनाच्या लाडवाच्या रूपानें आली. एकत्र कुटुंबांत पथ्य पाळणें किती अवघड, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. चूल एक, तोंडें अकरा, आणि सणवार कोणाच्या रक्ताला विचारून येत नाहींत. सूनबाईंनीं तोड काढली ती अशी : साखर कोणाचीच बंद करावयाची नाहीं, पण भाताचें पातेलें लहान करावयाचें आणि रात्रीं सर्वांनाच नाचणीची भाकरी. पहिले आठ दिवस नातवंडांनीं आमच्याकडे ज्या दृष्टीनें पाहिलें, ती आम्ही जन्मांत विसरणार नाहीं. आमच्या कुटुंबानें तर चहांतील साखरेचा चमचा आपल्या कमरेच्या किल्ल्यांच्या जुडग्यांत अडकविला आहे.

रिकामपणीं आम्हीं जुने ग्रंथ काढले. प्रमेहाचीं कारणें सांगतांना चरकानें आरंभींच बसण्याचें सुख आणि झोंपेचें सुख यांस स्थान दिलें आहे. मग दहीं, दूध, नवें धान्य, गुळाचे पदार्थ वगैरे. कठड्यावर रोज दीड तास बसणारांनीं तें वाचण्यासारखें आहे. सुश्रुताचा उपाय अधिक कडक. निर्धन रोग्यानें पायांत जोडा न घालतां, डोक्यावर छत्री न घेतां शंभर योजनें चालावें, गाईंमागें हिंडावें, किंवा विहीर खणावी. यांतील अनवाणी चालण्याची गोष्ट ऐकून कंपाउंडर उसळले. पाय बधिर झालेल्या मधुमेह्यानें घरांतही अनवाणी फिरूं नये, रोज रात्रीं तळवे आरशांत पाहावे, असें आजचें वैद्यक सांगतें. येथें सुश्रुतापेक्षां कंपाउंडरांचें ऐकावें, असें आमचेंही मत पडलें.

विहीर खणण्याची गोष्ट मात्र पैलवानांनीं उचलून धरली. “मास्तर, हीर कशापाई? हौद हाय की.” गांवांतील एका जुन्या तालमींतला हौद दोन वर्षें उकरलेला नव्हता, माती दगडासारखी झाली होती. (सुश्रुतानें ब्राह्मणास शेतांत पडलेले दाणे वेंचून राहावयास सांगितलें आहे आणि खणण्याचें काम इतरांकडे दिलें आहे, ही बारीक गोष्ट आम्हीं पैलवानांपासून लपवून ठेवली.) दसऱ्यापासून रोज सकाळीं सहा वाजतां आम्ही आणि पोस्टमास्तर खोरें घेऊन हौदांत उतरतों. पैलवान कांठावर खुर्ची टाकून, पायांत मऊ तळाचे नवे बूट घालून बसतात. मातींत उतरण्यास त्यांना मनाई आहे. ती मनाई पाळतांना त्यांचा चेहरा पाहवत नाहीं. एकदां त्यांनीं वाकून मूठभर माती उचलली, हुंगली, आणि म्हणाले, “ताक कमी पडलं.” दुसऱ्या दिवशीं त्यांच्या घरून ताकाची कळशी आली.

पहिल्या आठवड्यांत आम्हीं दहा मिनिटांत खोरें टेकलें. आतां अर्धा तास निभावतों. आवाज ऐकून शेजारच्या आळींतील तीन पोरें डोकावूं लागलीं. पैलवानांनीं त्यांना लंगोट लावून उभें केलें आहे आणि रेवड्यांऐवजीं शेंगदाणे द्यावे कीं नाहीं यावर कंपाउंडरांशीं त्यांचा वाद चालू आहे.

गेल्या रविवारीं कंपाउंडरांनीं आपल्या मोबाइलवर ‘ब्रह्मचारी’ लावला. चार म्हाताऱ्यांनीं कठड्यावर डोकीं एकत्र करून तो तळहाताएवढ्या पडद्यावर पाहिला. औदुंबराची शपथ डळमळूं लागली तेव्हां तिघांनींही एकदम आमच्याकडे पाहिलें. आमची ‘तीन महिन्यांची’ परवां पुन्हा झाली : ७.१. पैलवानांची ७.९. या खेपेस पैज कशावर लावावयाची हें अजून ठरलेलें नाहीं. पोस्टमास्तरांना रणजी सामन्यांवर हवी आहे. पैलवान म्हणतात कीं, ज्या खेळांत समोरचा घरीं निघून जातो त्यावर ते रक्त देणार नाहींत.